बोली पानावर लाव, दारावर नको

मोरा, उरण

चि. बाळास,

धक्क्याजवळच्या खाणावळीच्या जाहिरातीचं काम तुला मिळालं, छान झालं. पण तुझी यादी काही पटली नाही. सगळ्या मोठमोठ्या साइटचे मुख्य पत्ते आणि जाहिरातीच्या जागेसाठी सगळीकडे एकच बोली! अरे, बातम्या वाचणाऱ्या लाखांतल्या कितीजणांना मोऱ्याला उतरायचंय?

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला सुटणाऱ्या लाँचचं वेळापत्रक जो उघडतो, त्याला उतरायचंय. तेव्हा अख्खी साइट सोड, ते एक पान धर आणि तिथं बोली चढव. अशा पानावर वर्दळ थोडी, म्हणून दिवसाचे पैसे संपणार नाहीत. न संपू देत. उरणच्या लोकलचं वेळापत्रकही घे, पण कमी भावानं. स्टेशनपासून आपला धक्का लांब आहे.

मोऱ्याला गाळ किती ते तुला माहीतच आहे. मोठ्या ओहोटीला लाँच लागत नाही, फेऱ्या रद्द होतात. त्या वेळेत मुंबईकडची जाहिरात थांबव. इथं खोळंबलेला माणूस मात्र भुकेला असतो. त्याच्यासाठी मोऱ्यापुरती वेगळी लाव.

गूगलवर एक घोळ हमखास होतो. ‘कस्टम सेगमेंट’मध्ये पत्ता टाकला म्हणून जाहिरात त्या पानावर लागत नाही, तसली पानं बघणाऱ्यांना ती भलतीकडेच दिसते. त्याच पानावर हवी तर ‘प्लेसमेंट’ निवड, आणि ते पान गूगलच्या जाहिराती घेतं का तेही बघ.

आता भाव. समज, हजार वेळा दिसायचे ऐंशी रुपये. पाच हजारांचे चारशे झाले. त्यातून एक टेबल भरलं आणि जेवणाचा खर्च वजा जाऊन पाचशे सुटले, तर हाती शंभर. चारशेचे पाचशे झाले की ते टेबल फुकट जेवलं. करंजा बंदरावरच्या मासळीच्या लिलावात जुन्या मावश्या भाव मनात ठरवूनच उभ्या राहतात, शेजारणीच्या आवाजानं चढत नाहीत. तसंच कर.

स्वस्त पॉपअप विकणारा कुणी भेटेलच: गिऱ्हाईक शेजारच्या खाणावळीचं पान उघडेल आणि वर आपली खिडकी येईल, म्हणेल. हा धंदा जुना आहे. फुकटच्या प्रोग्रॅमसोबत लोकांच्या संगणकात हेर घुसवायचा, तो उघडलेले पत्ते बघणार, आणि त्या पत्त्यांवर जाहिरातदार बोली लावणार. अमेरिकेत झँगो कंपनीला २००६ साली याच पायी सरकारशी तडजोड करून तीस लाख डॉलर भरावे लागले. पॉपअपच्याच धंद्यातली व्हेनयू कंपनी मात्र २००५ मध्ये अपिलात सुटली. यादीत दुसऱ्याचा वेबपत्ता ठेवणं म्हणजे त्याचा ट्रेडमार्क वापरणं नव्हे, असं कोर्ट म्हणालं. म्हणेना का. मोऱ्यात शेजाऱ्याचं गिऱ्हाईक त्याच्या दारातून ओढलं, तर संध्याकाळी त्याच्याच समोर लाँचमध्ये बसायचंय.

आधी वगळायच्या पत्त्यांची यादी कर. लहान मुलांच्या खेळांची अ‍ॅप्स सगळ्यात वर. तिथले बरेच क्लिक चुकून पडलेल्या बोटांचे असतात. रविवारपर्यंत ती मला पाठव.

तुझा मामा