पोलिओच्या विषाणूचे बदलते रूप

पोलिओच्या विषाणूचा सारा जनुकीय मजकूर सुमारे ७,५०० अक्षरांचा असतो. हा मजकूर आरएनए स्वरूपात असून त्याची नक्कल होताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा विषाणूकडे नसते. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक नव्या प्रतीत एखादा बदल राहून जातो. बहुतेक बदल निरुपयोगी वा विषाणूलाच घातक ठरतात. जे थोडे त्याच्या वाढीस पोषक असतात, ते टिकतात. विषाणूची उत्क्रांती ती हीच.

भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला. या यशाचे मोठे श्रेय तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या थेंबांना आहे. थेंबांतील विषाणू जिवंत, परंतु दुबळा केलेला असतो. त्याचा हा दुबळेपणा मोजक्याच जनुकीय बदलांवर उभा आहे. बालकाच्या आतड्यात वाढताना त्यांपैकी काही बदल पुसले जातात, आणि विषाणू विष्ठेवाटे बाहेर पडतो. सभोवतालची बालके लसवंत असतील तर त्याचा प्रवास तेथेच खुंटतो. मात्र लस न मिळालेल्या बालकांची संख्या मोठी असेल, तर तो महिनोन् महिने एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतो आणि लुळेपणा आणण्याची गमावलेली शक्ती परत मिळवतो. दोष थेंबांचा नव्हे, अपुऱ्या लसीकरणाचा, हे येथे आवर्जून सांगावयास हवे.

हा प्रवास किती काळ चालला, हेही मोजता येते. विषाणूच्या 'व्हीपी-१' या प्रथिनाच्या जनुकीय भागात सुमारे ९०० अक्षरे असतात व त्यांतील साधारण एक टक्का दर वर्षी बदलतात. मूळ लसीशी तुलना करता पहिल्या व तिसऱ्या प्रकारात दहा किंवा अधिक, तर दुसऱ्या प्रकारात सहा किंवा अधिक अक्षरे वेगळी आढळल्यास त्या विषाणूस 'लसजन्य' म्हणतात. मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने याच कामासाठी तपासले जाऊ लागले. एकही रुग्ण दिसण्यापूर्वी विषाणूचा वावर कळावा, हा त्यामागील हेतू.

दुसऱ्या प्रकारचा नैसर्गिक विषाणू जगात अखेरचा आढळला तो १९९९ मध्ये, अलीगढ येथे. त्यानंतर थेंबांत हा प्रकार ठेवण्यात लाभापेक्षा जोखीम अधिक होती. म्हणून एप्रिल २०१६ मध्ये भारतासह जगभर तो वगळण्यात आला. अपेक्षा अर्धीच फळली. आफ्रिकेतील अनेक देशांत आधीच फिरत असलेले लसजन्य विषाणू थांबले नाहीत आणि नव्याने जन्मलेल्या बालकांच्या आतड्यांत त्या प्रकाराविरुद्ध प्रतिकारशक्तीच नव्हती. मग दुबळेपणा सहज पुसला जाऊ नये अशी जनुकीय रचना असलेली नवी लस तयार झाली. तिच्या आपत्कालीन वापरास जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये मान्यता दिली. ही लस बरीच स्थिर आहे. तरीही जेथे लसीकरण अपुरे राहिले, अशा काही भागांत तिच्यापासूनही लसजन्य विषाणू निर्माण झाल्याचे २०२३ मध्ये दिसून आले.