ब्रेक मोजा, मग गाडी घ्या

आमच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळा-साहाय्यक चंद्रपूरला राहतात. मुलगी गडचिरोलीस नोकरीला, त्यामुळे दर रविवारी तिकडे फेरी. भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून त्यांनी संकरित, म्हणजे पेट्रोल व वीज दोन्हींवर चालणारी, छोटी एसयूव्ही घ्यायचे ठरवले. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर अशी दोन माहितीपत्रके माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "सर, यातली कोणती जास्त ॲव्हरेज देईल?"

२०२२ साली आलेल्या या दोन्ही गाड्यांच्या पूर्ण संकरित प्रकारात इंजिन एकच आहे : १,४९० घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे. जाहीर आकडाही एकच, लिटरला २७.९७ किलोमीटर. तेव्हा तुलना करायची ती प्रकारांची. दोन्हींच्या सौम्य संकरित, हाताने गिअर बदलण्याच्या प्रकाराचा आकडा सुमारे २१.१ आहे.

हा फरक येतो कुठून? समजा, माणसांसह गाडीचे वस्तुमान १,४०० किलोग्रॅम व वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर आहे. ½mv² या सूत्राने गतिज ऊर्जा सुमारे १.९४ लाख ज्यूल येते. साध्या गाडीत ब्रेक दाबताच या सगळ्या ऊर्जेची उष्णता होते. पूर्ण संकरित गाडीत चाके विद्युतजनित्र फिरवतात आणि ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत जातो. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३.२ कोटी ज्यूल असतात. इंजिनाची कार्यक्षमता ३० टक्के धरली, तर तो वेग पुन्हा गाठायला २० मिलिलिटर पेट्रोल लागते. निम्मी ऊर्जा परत मिळाली, तर दर थांब्यामागे १० मिलिलिटर वाचले. (गतिरोधकापाशी वेग ६० वरून २० वर आला, तर किती ऊर्जा जाते? दोन-तृतीयांश म्हणू नका; वेगाचा वर्ग घ्या. उत्तर ८/९.)

आता जाहीर आकडा पाहा. तो प्रयोगशाळेत, रुळांवर गाडी चालवून काढतात. त्या चाचणीच्या शहरी भागात सुमारे ४ किलोमीटरांत गाडी १२ वेळा थांबते. जटपुरा गेटच्या गर्दीला हे शोभते. मूलपुढच्या जंगलातल्या रस्त्याला नाही.

मी त्यांना एस.टी.तून जाताना, गाडी प्रवाशांसाठी थांबते ते सोडून, ब्रेक मोजायला सांगितले. त्यांची वही सांगते : चंद्रपूर सुटेपर्यंत ९, पुढे वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीपर्यंत १४. एकूण २३, म्हणजे फार तर २३० मिलिलिटर. सुमारे ८० किलोमीटरांना सौम्य प्रकार ३.८ लिटर पेट्रोल घेईल. त्याच्या हे ६ टक्के. माहितीपत्रकांतले आकडे मात्र जवळजवळ २५ टक्के बचत दाखवतात. न्यायाने सांगायचे तर पूर्ण संकरित गाडीचे इंजिनही काटकसरी असते, म्हणून सरळ रस्त्यावर ६ टक्क्यांहून थोडी अधिक बचत होईल.

तरी आपण जाहीर आकडेच खरे धरू. वर्षाला १०,००० किलोमीटरांमागे ११६ लिटर वाचतील; लिटरला १०५ रुपये धरले तर सुमारे १२,२०० रुपये. दोन प्रकारांच्या किमतीत समजा ३ लाखांचा फरक असला, तर तो भरून यायला २४ वर्षांहून अधिक काळ लागेल. साहाय्यकांच्या निवृत्तीला उरली आहेत ६ वर्षे. त्यांनी सौम्य प्रकार नक्की केला.

त्यांचा पुतण्या नागपुरात दिवसभर टॅक्सी चालवतो; वर्षाला ५०,००० किलोमीटर आणि सिग्नल पावलोपावली. त्याचे गणित तुम्ही करून पाहा.