युनियनचं कार्ड नाही, म्हणून कागद अडतील?

प्रश्न : मुलीने महिनाभरातच प्रवेश रद्द केला. कॉलेज बारावीची मूळ गुणपत्रिका देत नाही. ‘वर्षाची फी भरा’ म्हणतं. ती कुठल्याच विद्यार्थी संघटनेत नाही. मग तिची बाजू कोण घेणार?
— एक पालक, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : धीर सोडू नका. दाद मागायला संघटनेचं सभासदत्व लागत नाही.

एआयएसएफ (1936), अभाविप (1949), एनएसयूआय (1971) या देशव्यापी संघटनांना कॉलेजला आदेश देण्याचा अधिकार नाही. त्यांचं बळ दबावाचं. ते या शहराला काय सांगायचं! मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा 1978 चा ठराव नामविस्ताराच्या रूपात प्रत्यक्षात यायला 14 जानेवारी 1994 उजाडला. तोवर विद्यार्थी रस्त्यावर होते. गंमत म्हणजे 1994 च्याच विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद केल्या. 2016 च्या कायद्यात थेट निवडणुकांची तरतूद परतली.

आता गुणपत्रिकेचं. पडताळणीनंतर मूळ कागद अडवून ठेवायला यूजीसीची मनाई आहे. प्राचार्यांना अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. तो निळा शिक्काच पुढे कामी येतो. मग कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. 2023 च्या नियमांनुसार तिने 15 कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही, तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील.

फीचा परतावा मात्र प्रवेश कोणत्या तारखेला रद्द केला, यावर ठरतो. ती तारीख लेखी हवी. संघटनेची मदत जरूर घ्या, पण मूळ पावती कुणाच्याच हाती देऊ नका, झेरॉक्स द्या.