संसदेतील मतदान आणि शेतातील सुरक्षितता

कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण छापलेला असतो. लाल म्हणजे सर्वाधिक विषारी आणि हिरवा म्हणजे त्यामानाने कमी विषारी, हे आपणांस ठाऊक आहेच. पण हा त्रिकोण डब्यावर आला तो कायद्याने. हा कायदा संसदेत कसा होतो आणि आपला खासदार त्यावर मत कसे देतो, याची माहिती प्रत्येक शेतकऱ्यास असणे जरूरीचे आहे.

कायदे का झाले?

१९५८ साली केरळ व मद्रास राज्यांत पॅराथिऑन हे कीटकनाशक वाहतुकीत खाद्यपदार्थांत मिसळले जाऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ साली, कीटकनाशक कायदा झाला. मळणीयंत्रात हात सापडून अनेकांना कायमचे अपंगत्व आले, तेव्हा १९८३ साली धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा करण्यात आला. त्यात यंत्राची निर्मिती, विक्री व वापर यांवर नियंत्रण आणि अपघातग्रस्तास नुकसानभरपाई यांची तरतूद आहे.

मतदान कसे होते?

विधेयक प्रथम सभागृहात मांडले जाते. नंतर त्यावर चर्चा होऊन प्रत्येक कलम व दुरुस्ती मतास टाकली जाते आणि शेवटी संपूर्ण विधेयकावर मत घेतले जाते. साध्या विधेयकास हजर राहून मत देणाऱ्या सदस्यांचे बहुमत पुरेसे असते. मत घेण्याच्या दोन मुख्य पद्धती पुढीलप्रमाणे आहेत.

१) आवाजी मतदान : अनुकूल सदस्य ‘होय’ म्हणतात, प्रतिकूल सदस्य ‘नाही’ म्हणतात. कोणत्या बाजूस बहुमत आहे ते अध्यक्ष जाहीर करतात. कोणी काय म्हटले याची नावनिशीवार नोंद राहत नाही.

२) मतविभाजन : सदस्याने मागणी केल्यास घंटा वाजवून सर्वांना आत बोलावले जाते व बटण दाबून मत घेतले जाते. या पद्धतीत कोणी कोणत्या बाजूने मत दिले याची नोंद होते.

आरोग्य व सुरक्षिततेची बरीच विधेयके आवाजी मतदानानेच संमत होतात. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० हे याचे अलीकडचे उदाहरण. तेरा जुने कायदे एकत्र करणारी ही संहिता लोकसभेने २२ सप्टेंबर २०२० रोजी व राज्यसभेने दुसऱ्या दिवशी संमत केली. त्यावेळी विरोधी पक्षांच्या बऱ्याच सदस्यांनी कामकाजावर बहिष्कार टाकला होता. ही संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. चार-पाच मजुरांवर चालणारी आपली बहुतेक शेती या मर्यादेत बसत नाही, हे ध्यानात घ्यावे.

पक्षादेशाचे बंधन

१९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार पक्षाचा आदेश मोडून मत देणाऱ्या किंवा गैरहजर राहणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते. त्यामुळे पक्षादेश निघाल्यावर सदस्याचे मत बहुतांशी पक्षाचेच असते. म्हणून विधेयक मतास येण्यापूर्वीच आपले म्हणणे त्याच्यापर्यंत पोहोचले पाहिजे.

समितीचे महत्त्व

अनेक विधेयके स्थायी समितीकडे छाननीसाठी पाठविली जातात. समितीत लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० सदस्य असतात. तेथे पक्षादेश लागू होत नाही. समिती बहुधा जाहिरात देऊन नागरिकांकडून लेखी सूचना मागविते. न पटलेल्या सदस्यास असहमतीची टिपणी देता येते व ती अहवालात छापली जाते. खासदाराचे खरे मत अशा ठिकाणी कळू शकते.

१९६८ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी २००८ साली व पुन्हा २३ मार्च २०२० रोजी राज्यसभेत विधेयक मांडण्यात आले. दोन्ही वेळा कृषी स्थायी समितीने छाननी केली. २००८ चे विधेयक मतदानापर्यंत पोहोचलेच नाही. त्याविरुद्ध कोणी मत दिले नाही, तरीही ते रखडले. दरम्यान २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. सबब, खासदाराने मत काय दिले याबरोबरच विधेयक मतास यावे म्हणून त्याने काय केले, हेही विचारावे.

नियमांकडेही लक्ष द्या

कायदा संमत झाला म्हणजे काम संपत नाही. डब्यावरचा त्रिकोण व फवारणीच्या वेळी वापरावयाचे संरक्षक कपडे यांचा तपशील १९७१ च्या कीटकनाशक नियमांत आहे. असे नियम सरकार करते व ते संसदेपुढे ठेवले जातात. त्यांत बदल सुचविण्याचा सभागृहांना अधिकार आहे.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१) विधेयकाची बातमी वाचताच ते समितीकडे गेले आहे काय, याची चौकशी करावी.
२) गावातील फवारणी व यंत्रांच्या अपघातांची तारीखवार नोंद ठेवून ती सूचनांसोबत पाठवावी.
३) ग्रामसभेत ठराव करून तो खासदारांस पाठवावा व लेखी उत्तर मागावे.
४) महत्त्वाच्या कलमावर मतविभाजन मागण्याची विनंती खासदारांस करावी.

फवारणीच्या वेळी तोंडाला फडके आणि हातांत मोजे आपण घालूच. पण त्याबरोबर कायद्याचे संरक्षणही मागून घेतले पाहिजे.