आवारातल्या पावसाच्या पाण्याची आखणी: सुरुवात शेवटच्या टोकापासून

मुंबईत सोसायटीच्या आवारात पाणी तुंबलं की पहिली मागणी येते ती मोठ्या गटाराची. पर्जन्यजलाच्या कामात वर्षानुवर्षं वावरल्यावर माझं ठाम मत आहे की गटाराचं माप सगळ्यात शेवटी ठरवायचं. आधी पाणी जिथून बाहेर पडतं ते तोंड बघायचं. तिथेच अडलं असेल, तर वरचं गटार कितीही रुंद करा, ते नुसतं भरून राहतं. पुढची कृती साधारण 2 हेक्टरच्या आवारासाठी आहे. दिवाळीनंतर हाती घ्या, म्हणजे मे संपायच्या आत काम उरकेल.

साहित्य: आवाराचा नकाशा, ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (तिची उभी मोजपट्टी), टेप, भरती-ओहोटीचं वेळापत्रक, ऑइलपेंट, एक जाड वही.

1. उलटं चाला. आवाराचं गटार महापालिकेच्या वाहिनीला कुठे मिळतं, ती वाहिनी कोणत्या नाल्यात जाते आणि नाल्याचं पातमुख, म्हणजे पाणी बाहेर सोडणारं तोंड, कोणत्या खाडीवर किंवा किनाऱ्यावर आहे, हे शेवटाकडून सुरुवातीकडे पायी पाहून या. वाटेतली प्रत्येक मोरी, आडवी गेलेली केबल किंवा जलवाहिनी नकाशावर मांडा. पाणी अडतं ते बहुधा अशाच एखाद्या जागी.

2. तळाच्या पातळ्या घ्या. प्रत्येक चेंबरचं झाकण उघडून वरूनच स्टाफ सोडा आणि तळाची पातळी नोंदवा. आत माणूस कधीही उतरवू नका; साचलेला वायू दिसत नाही, पण जीव घेतो. उघड्या चेंबरपाशी एक जण उभा ठेवा. पुढच्या चेंबरचा तळ मागच्यापेक्षा उंच निघाला, तर उलटा उतार सापडला. तो आधी दुरुस्त करा.

3. भरतीशी ताडून पाहा. मुंबईची बहुतेक पातमुखं भरतीच्या पातळीखाली आहेत. 4.5 मीटरच्या वरची भरती आणि जोरदार पाऊस एका वेळी आले की पाणी बाहेर जात नाही. इथे एक काळजी घ्या: महापालिकेच्या जुन्या नकाशांवरच्या पातळ्या टाऊन हॉल डेटमच्या (डेटम म्हणजे उंची मोजण्याची आधारपातळी), तर वेळापत्रकातली उंची चार्ट डेटमवरची असते. दोन्ही एकाच डेटमवर आणल्याशिवाय तुलना करू नका. पाणी उलटं आत येत असेल, तर जोडणीच्या ठिकाणी एकाच बाजूला उघडणारी झडप बसवा.

4. पाणी मोजा. शहराच्या जुन्या वाहिन्या तासाला 25 मिमी पाऊस आणि त्यातलं निम्मंच पाणी वाहून येईल, या हिशेबाने बांधल्या होत्या. मुंबईच्या पर्जन्यजल वाहिन्यांवरच्या 1993च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने 50 मिमीचा निकष सुचवला. आता मोकळी माती उरलेली नाही, म्हणून सगळं पाणी वाहणार असंच धरा. म्हणजे भार चौपट झाला. 2 हेक्टरवर 50 मिमी म्हणजे तासाला 1000 घनमीटर, अर्थात सेकंदाला सुमारे 278 लिटर.

26 जुलै 2005ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला, तेव्हा कुलाब्यात तो शंभराच्याही आत होता. त्यामुळे शहराची सरासरी धरू नका. जवळच्या स्वयंचलित पर्जन्यमापक केंद्राचे तासागणिक आकडे मिळवा.

5. आता गटाराचं माप ठरवा. 600 मिमी रुंदीचं काँक्रीटचं गटार, 400 मीटरला 1 मीटर उतार आणि पाण्याची खोली 450 मिमी असेल, तर सेकंदाला सुमारे 285 लिटर पाणी जातं. वर 150 मिमी मोकळी जागा सोडा. म्हणजे शेवटच्या टप्प्यात 600 बाय 600 पुरतं. वरच्या टप्प्यांत पाणी कमी, तिथे लहान चालेल. न्हाणीघर आणि स्वयंपाकघराचं सांडपाणी यात मुळीच सोडू नका.

6. भरतीच्या तासांची सोय करा. तोंड तासभर बंद राहिलं, तर 1000 घनमीटर पाणी थोपवावं लागेल. म्हणजे 20 बाय 20 मीटरची, अडीच मीटर खोल टाकी. एवढी जागा क्वचितच असते. म्हणून बागेची पातळी रस्त्यापेक्षा खाली घ्या, अनावश्यक लाद्या काढा, गच्चीचं पाणी टाकीत वळवा आणि उरलेल्यासाठी पंप ठेवा. पाणी तुंबणाऱ्या हिंदमाता परिसरासाठी महापालिकेने दादर-परळला भूमिगत साठवण टाक्या बांधल्या, त्यामागे हेच तत्त्व आहे.

7. गाळ काढा आणि लगेच उचला. याच गटारात 225 मिमी गाळ बसला, तर पाण्याची वरची पातळी तीच असूनही प्रवाह 285 वरून 115 लिटरच्या आसपास येतो. खोली निम्मी होते, पण वाहण्याची ताकद निम्म्याहूनही खाली जाते, कारण वेगही घटतो. काढलेला गाळ काठावर ठेवलात तर पहिल्याच सरीत तो परत आत जाईल.

8. पावसात तपासा. भिंतीवर दर 10 सेंटिमीटरला ऑइलपेंटने खुणा करा. पाणी साचलं की वेळ, खुणेची उंची, त्या तासाचा पाऊस आणि भरतीची वेळ वहीत लिहा. ओहोटीतही पाणी हटलं नाही, तर अडथळा वाहिनीत आहे; ओहोटी लागताच हटलं, तर दोष समुद्राच्या पातळीचा, तिथे झडप, टाकी आणि पंपच कामी येतात. वॉर्ड ऑफिसला जाताना ही वही सोबत न्या. कोणती मोरी साफ करायची किंवा कोणती वाहिनी बदलायची, हे नेमकं दाखवता आलं की अर्जावर काम सुरू करणं अभियंत्यालाही सोपं जातं.