‘अँटिगनी’तील क्रेऑन : नेतृत्वाची व्याख्या आणि वर्तन

सोफोक्लीजच्या ‘अँटिगनी’ या शोकात्मिकेचे अध्यापन आपल्याकडे बहुधा हेगेलच्या वाटेने होते. एका बाजूला राज्याचा कायदा, दुसऱ्या बाजूला कुटुंबधर्म. दोन्ही आपापल्या जागी न्याय्य आणि म्हणून संघर्ष अटळ. ही मांडणी उत्तरपत्रिकेत चांगली बसते. परंतु तिच्यामुळे क्रेऑन केवळ एका तत्त्वाचा प्रतिनिधी उरतो आणि तो राज्य कसे करतो, हा प्रश्न बाजूला पडतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

नाटककाराला हा प्रश्न परका नव्हता. सोफोक्लीजने इ. स. पू. ४४३-४४२ मध्ये अथेन्सच्या अंकित मित्रराज्यांच्या खंडणीचा कोषाधिकारी म्हणून काम केले होते आणि ४४१-४४० मध्ये तो पेरिक्लीजसमवेत सेनापती होता. ‘अँटिगनी’चा पहिला प्रयोग याच सुमारास झाला, असे सामान्यतः मानले जाते. नाटकाच्या अगदी आरंभी अँटिगनी क्रेऑनला राजा न म्हणता ‘स्ट्रॅटेगॉस’, म्हणजे सेनापती म्हणते. अथेन्सचे नागरिक ज्या पदासाठी दरवर्षी निवडणूक करीत, त्याच पदाचे हे नाव आहे. थीब्जच्या पुराणकथेत अथेन्सचे वर्तमान असे पहिल्याच प्रवेशात शिरते.

इडिपसचे दोन्ही पुत्र एकमेकांच्या हातून मारले गेल्यावर सत्तेवर आलेला क्रेऑन वृद्धांच्या वृंदापुढे जे पहिले भाषण करतो, त्यात आक्षेप घेण्याजोगे फारसे काही नाही. माणसाची पारख तो सत्तेवर आल्यावरच होते. जो उत्तम सल्ला मानीत नाही आणि भयापोटी आपली जीभ कुलूपबंद ठेवतो तो राज्यकर्ता अधम. जो आप्ताला देशापेक्षा थोर मानतो त्याची किंमत शून्य, असा त्याचा आशय आहे. इ. स. पू. ३४३ मध्ये डेमॉस्थेनिसने आपला प्रतिस्पर्धी इस्किनिस याच्यावरील खटल्यात याच भाषणाच्या ओळी न्यायसभेत वाचून दाखवविल्या. इस्किनिस पूर्वी नट होता व त्याने क्रेऑनची भूमिका केली होती. रंगमंचावर उच्चारलेली तत्त्वे राजकारणात विसरलास, असा डेमॉस्थेनिसचा टोला होता. त्याने या ओळी संदर्भापासून तोडल्या, हे खरे. पण त्या आदर्श म्हणून वापरता आल्या, हे अधिक महत्त्वाचे. क्रेऑनची तत्त्वे खोटी नाहीत. शोकात्मिकेचा खरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

या भाषणाची रचना पाहावी. सल्ल्याची थोरवी गाऊन क्रेऑन लगेच पॉलिनायसिसला दफन न करण्याची आज्ञा सांगतो. मात्र ती आज्ञा नगरात आधीच पुकारलेली आहे. वृद्धांना बोलावले आहे ते विचारण्यासाठी नव्हे, ऐकविण्यासाठी. त्यांचे उत्तरही तसेच बेताचे आहे : मेलेल्यांवर व जिवंतांवर हवा तो कायदा लादण्याची सत्ता तुझी आहे. यात संमती नाही, केवळ सत्तेची नोंद आहे. पुढे प्रेतावर माती टाकल्याचे वृत्त येते. हे देवांचे तर कृत्य नसेल, अशी शंका वृंद चाचरत काढतो, तेव्हा मला संतापविण्याआधी गप्प बसा, असे क्रेऑन दरडावतो. पहारेकऱ्यापासून टायरेसिअसपर्यंत त्याला न रुचणारे काही सांगणारा प्रत्येक जण त्याच्या मते पैसे खाल्लेला असतो.

आता अँटिगनीचे उत्तर. येथे जमलेले सर्व जण माझ्या कृत्याला मान्यता देतील, पण भयाने त्यांची जीभ कुलूपबंद केली आहे, असे ती म्हणते. मूळ ग्रीकमध्ये हे शब्द क्रेऑनच्या भाषणातील शब्दांशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. क्रेऑनने ज्याला अधमपणाचे लक्षण म्हटले, ते आता सबंध नगराचे लक्षण झाले आहे आणि ते त्यानेच निर्माण केले आहे. भाषांतरांत हा प्रतिध्वनी बहुधा हरवतो. त्यामुळे विद्यार्थ्याला क्रेऑन हटवादी दिसतो. आत्मघातकी दिसत नाही.

हेमॉनचा प्रवेश हे याचेच विस्तृत रूप होय. तुमच्या नजरेच्या धाकाने सामान्य माणूस बोलत नाही. अंधारात चाललेली कुजबुज मात्र माझ्या कानी येते, असे तो बापाला सांगतो. क्रेऑनने आरंभी राज्याला नौकेची उपमा दिली होती. हेमॉन तीच उपमा उचलून शिडाचा दोर सैल न करणारा नाविक नौका उलटवितो, असे सुचवितो. तो बंडखोर नाही. बोलण्याची सुरुवात तो पित्याचा आदर राखून करतो. म्हणूनच क्रेऑनचे उत्तर अधिक उघडे पडते : नगर हे राज्यकर्त्याचेच नव्हे काय? (आनुईच्या १९४४ च्या नाटकातील थकलेला, समंजस क्रेऑन डोळ्यांपुढे असणाऱ्यांनी हा प्रवेश मुळातून पुन्हा वाचावा.)

तरीही सोफोक्लीज त्याला खलपुरुष करीत नाही. आपण आजवर टायरेसिअसचा सल्ला मोडलेला नाही, हे क्रेऑन स्वतः सांगतो आणि म्हणूनच तू नौका नीट हाकलीस, असे टायरेसिअस मान्य करतो. शेवटी तो वृंदाला विचारतोही : मी काय करू? सांगा, मी ऐकेन. सबंध नाटकात हा त्याने विचारलेला पहिला प्रामाणिक प्रश्न आहे. वृंदाचे उत्तर नेमके आहे : आधी मुलीला गुहेतून सोडव, मग प्रेतासाठी थडगे उभार.

क्रेऑन स्वतः कुदळ-कुऱ्हाडी घेतलेल्या सेवकांसह तातडीने निघतो, पण क्रम उलटतो. दूताच्या निवेदनाप्रमाणे आधी माळावर जाऊन कुत्र्यांनी फाडलेले प्रेत धुतले जाते, कोवळ्या फांद्यांवर जाळले जाते, मायभूमीच्या मातीचा उंच ढीग रचला जातो. प्रेताच्या विटाळामुळे वेद्या भ्रष्ट झाल्या होत्या, तेव्हा या क्रमालाही धार्मिक कारण होते, असे समर्थन करता येते. परंतु मेलेला थांबू शकत होता. गुहेपाशी पोचेपर्यंत अँटिगनीने गळफास घेतलेला असतो, आणि क्रेऑनला दुरूनच ऐकू येतो तो हेमॉनचा आवाज.