देवनारच्या बाजारासाठी माडग्याळ मेंढा

मुंबई उपनगरात गोवंडीजवळ १९७१ साली सुरू झालेल्या देवनार पशुवधगृहाच्या आवारात बकरी ईदपूर्वी शेळ्या-मेंढ्यांचा मोठा बाजार भरतो. गिऱ्हाईक तेथे आहे म्हणून मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यातच मेंढ्या पाळाव्यात, असा विचार मात्र करू नये. तेथील पावसात खूर कुजतात आणि जंत वाढतात. धनगर बांधवही दिवाळीनंतर कोकणात उतरतात व पावसाळ्यापूर्वी घाट चढतात, ते याचसाठी.

मेंढी कोरड्या भागात वाढवावी व नर मुंबईस पाठवावा. यासाठी सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याची माडग्याळ जात उत्तम. अंगावर आखूड केस असल्याने कातरणीची कटकट नाही. बांधा उंच आणि कोकरे झपाट्याने वाढतात. नाकाच्या बाकावर भाळून मात्र पैसे घालवू नयेत. २०२० मध्ये आटपाडीच्या बाजारात एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली होती. तो हौसेचा सौदा झाला, मटणाचा नव्हे. पैदाशीचा नर घेताना त्याच्या आईचे दूध व पायांची ठेवण पाहावी.

खरी मेख आहे ती वेळेची. ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येते. २०२४ साली ती १७ जूनला होती, २०२५ साली ७ जूनला. देवनारला दोन दाती नराला मागणी असते व दोन दात यायला वर्षाहून थोडा अधिक काळ लागतो. मेंढीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. म्हणजे मे-अखेरच्या ईदसाठी नर आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत जन्मलेला हवा आणि त्याची आई त्यापूर्वीच्या सप्टेंबरात फळलेली हवी.

ओळखीसाठी कान कापू नये. कान कापलेले, शिंग मोडलेले, लंगडे वा डोळ्यात दोष असलेले जनावर कुर्बानीसाठी घेत नाहीत.

खुराक हळूहळू वाढवावा. भरडा एकदम दिल्यास आंत्रविषाराने चांगला गुबगुबीत नरच आधी मरतो; त्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी. नरांना मूतखड्याचा त्रास होऊ नये म्हणून खुराकात मीठ व समोर भरपूर पाणी ठेवावे.

दहा मेंढ्यांमागे विक्रीयोग्य नर चार-पाचच मिळतात. तेवढ्यासाठी टेम्पो परवडत नाही. गावातील पाच-सहा घरांनी मिळून गाडी करावी, पशुवैद्यकाचा दाखला घ्यावा, गाडीत पेंढा अंथरावा आणि बाजारापूर्वी एक दिवस जनावरांना विसावा मिळेल अशा बेताने निघावे.